थरमापीचा कौल

यानातल्या बाईचं कण्हणं थांबलं आणि तनुजा बोरसेचे हात थिजले.

तनुजा बसली होती शहाद्याच्या नियंत्रण कक्षात आणि तिचं यान होतं सातपुड्यातल्या एका घळीच्या तोंडाशी. या उडत्या रुग्णवाहिकांमध्ये वैमानिक नसे. आत रुग्ण, एक नातेवाईक आणि एक परिचारिका. वैमानिक इथे, खुर्चीत, पडद्यासमोर. पाड्यांवरची माणसं या यानाला ‘पाखरू’ म्हणत. मोकळ्या आभाळात पाखरू आपलं आपण उडे, पण डोंगराच्या घळीत वारा कधी वरून आदळे, कधी खालून उसळे. तिथे यंत्राचा अंदाज चुके, म्हणून तिथे माणसाचे हात लागत.

“बोरसे, डावीकडे घे,” शेजारच्या खुर्चीतून फिरोज तडवी म्हणाले. “बोरसे!”

ती भानावर आली. तिने दांडी डावीकडे ओढली, पाखरू घळीतून बाहेर पडलं. बाळंतपणात रक्तस्राव झालेली ती बाई वेळेत दवाखान्यात पोचली आणि वाचली.

“काय झालं गं?” तडवींनी विचारलं. या केंद्रावरचे ते सर्वांत जुने वैमानिक.

“काही नाही सर. दमलेय.”

“हे दुसऱ्यांदा होतंय. थरमापी करून घे. कुणी सांगायच्या आत आपणच जावं, ते बरं.”

थरमापी येऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. त्याआधी मन बिघडलेल्या माणसापुढे मोठा पेच असे. जायचं कुणाकडे? समुपदेशकाकडे की मानसोपचारतज्ज्ञाकडे? दोन्ही ठिकाणी समोर बसून बोलायचंच असतं, मग फरक काय, हेच पुष्कळांना ठाऊक नसे. समुपदेशन हे आजच्या अडचणीसाठी असतं. नोकरीतला ताण, घरातलं भांडण, अलीकडचं दुःख. थोड्याच भेटींत माणूस मार्गाला लागतो. मानसोपचार त्याच्याखाली उतरतो. आजची अडचण जिथून उगवते तिथपर्यंत, आणि त्याला महिने लागतात, कधी वर्षं. चुकीच्या दारात शिरलेली माणसं बरी न होता परत येत आणि पुन्हा कुठल्याच दाराशी जात नसत.

थरमापीने हा पेच सोडवला. डोक्याला एक पट्टा बांधायचा. त्यातला मंद प्रकाश कवटीतून आत जाऊन मेंदूच्या कुठल्या भागात रक्त धावतंय ते टिपतो. समोरचा कॅमेरा डोळ्यांच्या बाहुल्यांवर नजर ठेवतो. यंत्र प्रश्न विचारतं, माणूस उत्तरं देतो. आजच्या दुःखाबद्दल बोलताना जुन्या आठवणींची जाळी शांत राहिली, तर दुःख वरच्या थरातलं. मग अहवालावरची पट्टी हिरवी, समुपदेशन पुरे. जुनी जाळी पेटली, तर दुःखाची मुळं खोल. पट्टी जांभळी, मानसोपचार हवा. यंत्र क्वचितच चुके. सरकारने तपासणी फुकट केली आणि दवाखान्यांपुढच्या रांगा ओसरल्या.

मग माणसांनी नेहमीप्रमाणे त्या रंगांचं भलतंच काही करून टाकलं. लग्नाच्या स्थळांत ‘घरात सगळे हिरवे’ असं येऊ लागलं. मुलं भांडताना एकमेकांना ‘जांभळ्या’ म्हणू लागली. वैमानिकांसाठी तर नियमच झाला. मानसोपचार चालू असेपर्यंत यान हातात घ्यायचं नाही. नियमाला कारण होतं. खोलवरची आठवण वर काढली की ती काही काळ मऊ पडते, ओल्या सिमेंटसारखी. तेव्हाच तिला नवा आकार देता येतो आणि उपचार चालतो तो त्यामुळेच. पण ओल्या सिमेंटवर कुणी वजन टाकत नाही. समुपदेशनाला अशी बंदी नव्हती.

तनुजाने तपासणी करून घेतली. यंत्राचा बायकी आवाज गोड होता, मराठी स्वच्छ होती. कामाबद्दल विचारलं, झोपेबद्दल विचारलं, बालपणाबद्दलही विचारलं.

“माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली,” ती म्हणाली. “बाळंतपणात. वडिलांनी वाढवलं.”

पट्टी हिरवी आली.

तिचा नवरा मयूर मूळचा नाशिकचा. शहाद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याने बातमी ऐकली आणि तिच्यासाठी स्वतःच्या हाताने चहा टाकला.

“श्वेताच्या सासरचे परवाच विचारत होते,” तो म्हणाला. श्वेता त्याची धाकटी बहीण. तिचं लग्न ठरत आलं होतं. “म्हणे, वहिनींची तपासणी झालीय का? आता सांगून टाकतो.”

“एवढं काय त्यात?”

“आपल्याला काही नाही गं. लोकांना असतं.”

समुपदेशक उज्ज्वला नेवे पन्नाशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी तनुजाला झोपेचं वेळापत्रक लावून दिलं. सलग दोन उड्डाणं घ्यायची नाहीत, हे तडवींना कसं सांगायचं ते तिच्याकडून दोनदा बोलून घेतलं. घाबरल्यावर श्वास कसा लांबवायचा ते शिकवलं. तनुजाला बरं वाटू लागलं. मयूरशी उगाच होणारी चिडचिड कमी झाली. फक्त एक विषय दोघांत तसाच बंद राहिला. मयूरला मूल हवं होतं आणि तनुजा दर वेळी म्हणायची, पुढच्या वर्षी बघू.

चौथ्या भेटीत तिचा फोन वाजला. वडील होते, साक्रीजवळच्या गावाहून. प्रगती बघण्यासाठी बांधलेला पट्टा अजून डोक्यावर होता. तनुजाने खुणेनेच क्षमा मागितली आणि फोन घेतला.

“काय करी राहिनी, बेटा?” आप्पांचा आवाज खोलीत घुमला.

“मी बाहेर से, आप्पा. मंग फोन करस.”

“जेवनी का तू?”

“जेवनू. तुम्ही गोळी ल्या टाइमवर.”

तिने फोन ठेवला. नेवेबाई तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्या पडद्याकडे पाहत होत्या.

“तुम्ही घरी अहिराणी बोलता?”

“वडिलांशी. मयूरला येत नाही. आणि इथे कोण बोलतं? शाळेपासून हसायचे आम्हाला.”

“तनुजा, एक विचारू? नाही म्हटलंत तरी चालेल.” नेवेबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “यंत्राला आईबद्दल जे सांगितलंत, ते वडिलांच्या भाषेत सांगा. मला सगळं कळणार नाही. तरी सांगा.”

तनुजा हसली. एवढ्याशा गोष्टीत काय आहे? तिने तोंड उघडलं. “मनी माय...”

पुढे शब्द येईना.

तिची आई कधी नव्हतीच. ‘आई’ हा तिच्यासाठी शाळेच्या पुस्तकातला शब्द होता. तिची होती ती माय.

“मायना हात थंडा व्हता,” ती म्हणाली. तो आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. तिने पट्टा ओरबाडून काढला आणि उभी राहिली.

“बसा जरा. पाणी घ्या.”

“काय दिसलं तुम्हाला?”

नेवेबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. वडिलांचा फोन आला तिथून जुन्या आठवणींच्या जाळीची रेघ चढत गेली होती, आणि शेवटच्या वाक्यावर ती चौकटीबाहेर गेली होती.

“यंत्र मराठीत विचारतं,” त्या म्हणाल्या. “तुमची ती आठवण मराठीत नाहीये. यंत्राने चुकीच्या दारावर टकटक केली आणि आत कुणी नाही असं लिहून टाकलं. मी समुपदेशक आहे, तनुजा. आजची गाठ सोडवायला मी मदत करू शकते. ही आजची नाही. तुम्हाला मानसोपचार हवा.”

“पण पट्टी हिरवी आहे.”

“हो. कागदावर हिरवीच राहील. अहिराणीत तपासणी होतच नाही, त्यामुळे मी ती बदलू शकत नाही. तुम्ही स्वतःहून मागितलंत, तरच.”

“आणि नाही मागितलं तर?”

“तर तुम्ही उद्याही खुर्चीत बसाल. कुणी अडवणार नाही.” त्यांनी आवाज उतरवला. “मला त्याचीच भीती वाटते.”

तनुजाने त्या संध्याकाळी मयूरला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, पण मध्येच त्याची नजर फोनकडे गेली, जिथे श्वेताच्या साखरपुड्याची बोलणी चालली होती.

“हिरवी आलीय ना? मग कशाला उकरून काढतेस?” तो म्हणाला. “एका बाईंना एक रेघ दिसली म्हणून?”

“रेघ नाही रे. मला जाणवलं ते.”

“साखरपुडा होऊ दे. मग बघू. एवढंच म्हणतोय.”

तडवींनी वेगळं कारण सांगितलं, आणि ते टाळता येणारं नव्हतं.

“तिसरा माणूस बदलीवर गेला, माहीत आहे तुला. दोघंच आहोत. पावसात रस्ते तुटले की चाळीसेक पाड्यांना आपल्याशिवाय कोण? तू उठलीस तर एक पाखरू जमिनीवर राहील.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “एवढा पावसाळा काढ. मग मी स्वतः तुझा अर्ज घेऊन जातो.”

एवढा पावसाळा. तिलाही ते पटलं, कारण तिला पटवूनच घ्यायचं होतं. तिने नेवेबाईंना फोन करून सांगितलं की ती समुपदेशन चालू ठेवेल.

“ठीक आहे,” नेवेबाई म्हणाल्या. “निदान एकटीने उडवू नका. शेजारी कुणीतरी असू द्या.”

श्रावणात एका दुपारी दोन हाका जवळजवळ एकदम आल्या. पहिली आमलीपाड्याहून. पारसिंग पावरा, साठीचा माणूस, एक बाजू लुळी पडली होती, बोलणं अडखळत होतं. मेंदूतली रक्ताची गाठ वेळेत विरघळवली तर असा माणूस चालू-बोलू शकतो. तडवींनी ते उड्डाण घेतलं. ते यान आमलीपाड्याच्या अर्ध्या वाटेत होतं तोच दुसरी हाक आली. बाळंतीण, रक्तस्राव, पलीकडच्या घळीतून.

तडवींनी तिच्याकडे पाहिलं. “घेशील?”

“घेते.”

जाताना सगळं नीट झालं. बाईला यानात घेतलं, सोबत तिची सासू आणि परिचारिका. केबिनमधले आवाज कानात येत होते. सासू काही बोलत होती, सून हुंकार देत होती. तनुजा श्वास लांबवत होती, नेवेबाईंनी शिकवला तसा. घळीचं तोंड जवळ आलं. पावसाची सर आली, कॅमेऱ्यावर पाण्याचे थेंब पसरले.

हुंकार थांबला.

“डोळे मिटले हिनं!” परिचारिका ओरडली. “ताई, ऐका ना! ताई!”

तनुजाला ऐकू येत होतं. पडदा दिसत होता. वाऱ्याने यान उजव्या कड्याकडे सरकतंय, हे आकडे दाखवत होते. तिचे हात दांड्यांवर होते आणि ते तिचे नव्हते. हलायचं नाही. हललं तर काहीतरी भयंकर होईल. एवढंच तिच्या अंगाला कळत होतं. लाल दिवा लागला. धोक्याची घंटा वाजायला लागली.

“बोरसे! बोरसे, हात!”

तडवींनी एकदाच स्वतःच्या पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःची दांडी सोडून दिली. त्यांनी तनुजाची खुर्ची ढकलून बाजूला सारली आणि तिचं यान हातात घेतलं. कड्याच्या अगदी अंगाजवळून ते वर उचललं. पण वारा त्यांना लगेच सोडेना. यान घळीपार होईपर्यंत त्यांना मान वळवता आली नाही. तोवर त्यांच्या पडद्यावर दुसरंच काही घडलं होतं. डोंगराच्या टापूत ज्या यानावर कुणाचा हात नाही ते यान जवळच्या मोकळ्या जागी आपोआप उतरतं, असा सुरक्षेचा नियम. पारसिंग पावराला घेऊन परतणारं यान एका माळावर चिखलात उतरलं. चाकं रुतली. पुन्हा उडेपर्यंत औषधाची वेळ उलटून गेली.

बाळंतीण वाचली. पारसिंगही वाचला. पण त्याची वाचा गेली.

चौकशीसाठी नाशिकहून अधिकारी पडद्यावर आले. तडवींनी सकाळीच तनुजाला कोपऱ्यात घेतलं होतं.

“वारा होता. नोंदींत वारा दिसतोच आहे. मी तेवढंच सांगणार आहे, तूही तेवढंच सांग.” त्यांचा आवाज फाटला होता. “मीच तुला पावसाळाभर थांबवलं होतं ना. तुझ्या एकटीच्या डोक्यावर का?”

अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तडवी वाऱ्याबद्दल बोलले. तपशीलवार, चोख. अधिकारी मान डोलावत होते. प्रकरण तिथे मिटत होतं. तनुजाची पट्टी हिरवी होती, वारा नोंदलेला होता, आणखी कुणाला काय हवं होतं?

“वारा होता,” तनुजा म्हणाली. “पण तो मला आवरता आला असता. माझे हात थांबले होते. आधीही थांबलेत. मला मानसोपचार हवा आहे. मी आजच मागते आहे.”

“तुमची थरमापी तर हिरवी दिसतेय, मॅडम.”

“यंत्र माझ्याशी माझ्या भाषेत बोललं नाही, साहेब.”

अधिकाऱ्यांना ते कळलं नाही. पण मागितलेला उपचार नाकारायची कायद्यात सोय नव्हती. तिची पट्टी जांभळी झाली आणि त्याच दुपारी तिचा परवाना थांबला. तडवींनी तिच्याकडे बघितलं नाही. रागाने की शरमेने, ते तिला कळलं नाही.

मयूर संध्याकाळी बराच वेळ गॅलरीत उभा होता. आत आला तेव्हा म्हणाला, “श्वेताच्या सासरी मीच फोन केला. सांगितलं, आमच्या घरात जांभळी पट्टी आहे. चालत असेल तर पुढे बोलू, नसेल तर राहू द्या.”

“काय म्हणाले?”

“विचार करून कळवतो म्हणाले.” तो तिच्याशेजारी बसला. “मला आधी विचारायचं होतं ते आता विचारतो. हात थांबतात तेव्हा तुला काय होतं?”

तिला सांगता आलं नाही. पण त्याने ते पहिल्यांदाच विचारलं होतं.

अहिराणी जाणणारा मानसोपचारतज्ज्ञ शोधायला दोन महिने गेले. शेवटी धुळ्याचे डॉ. बिरारी मिळाले. पहिल्या काही भेटींत तनुजा नुसती रडायची आणि घरी येऊन दिवसभर झोपायची. समुपदेशनानंतर हलकं वाटायचं, इथून निघाल्यावर अंग ठेचल्यासारखं व्हायचं. दोनदा तिने सोडून द्यायचं ठरवलं. मग हिवाळ्यात कधीतरी ती जीप परत आली. आप्पा चालवत होते. मागच्या सीटवर पाच वर्षांची तनुजा, मायचं डोकं तिच्या मांडीवर. आप्पा मागे न बघता सांगत होते, मायसंगे बोलत ऱ्हाय, तिले झोपू देऊ नको. ती बोलत राहिली. माय बोलायची थांबली. मग पोरीने ठरवलं की आपण अजिबात हलायचं नाही. हललो नाही तर माय झोपलेलीच राहील, कुठे जाणार नाही. दवाखान्याच्या दारात तिच्या मांडीवरून मायचं डोकं उचलेपर्यंत ती हलली नव्हती.

“पाच वर्षाच्या पोरीनं एक उपाय शोधला,” डॉ. बिरारी म्हणाले. “आणि तो उपाय अजून चालू आहे. तिला आता सुटी देऊ या.”

त्या पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत शहाद्याचं एक पाखरू जमिनीवरच राहिलं. तडवी एकटे उडवत होते. तीन हाकांना कुणी पोचू शकलं नाही. त्यातला एक माणूस गेला. ते तनुजाला कळलं आणि त्या माणसाचं नाव तिने वहीत लिहून ठेवलं. नेवेबाईंनी तिच्या संमतीने ती रेघ मुंबईच्या थरमापी समितीकडे पाठवली. समितीने अहिराणी, पावरी, गोंडी बोलणाऱ्या काही वैमानिकांची पुन्हा तपासणी केली, आणि आकडे पाहून पुढचा निर्णय लांबवला. इतक्या हिरव्या पट्ट्या जांभळ्या झाल्या, तर खुर्च्यांवर बसवायचं कुणाला?

माघात तनुजा आमलीपाड्याला गेली. मयूरने गाडी चालवली. शेवटचा चढ पायी होता.

पारसिंग अंगणात बाजेवर बसला होता. त्याची बायको जमनाबाई मका सोलत होती. तिला मराठी येत होतं, तोडकंमोडकं.

“मी तनुजा. त्या दिवशी दुसरं यान माझ्याकडे होतं,” तनुजा म्हणाली. “तुम्हाला वारा होता असं सांगितलं असेल. वाऱ्यामुळे नाही झालं ते. मला आजार होता, आणि मला ते माहीत होतं. तरी मी बसले.”

जमनाबाईचे हात थांबले नाहीत. कणसाचे दाणे टोपलीत पडत राहिले.

“आता उडवता?”

“नाही. उपचार चालू आहेत.”

“बरं होतो हा आजार?”

“होतो म्हणतात. वेळ लागतो.”

जमनाबाईने घराच्या दाराकडे हात केला. आत एक तरुण मुलगी चुलीपाशी वाकली होती, पोट पुढे आलेलं.

“माझी सून. होळीनंतर होईल. मागच्या वेळी फार रक्त गेलं होतं.” तिने पहिल्यांदा मान वर करून तनुजाकडे पाहिलं. त्या नजरेत क्षमा नव्हती, रागही नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती. “तेव्हा पाखरात कोण असेल?”

“तडवी सर असतील. मी नसेन,” तनुजा म्हणाली. मग तिने पुढचं वाक्य मनात जुळवून पाहिलं, ते खरं आहे की नाही ते तपासलं आणि मगच बोलली. “पण त्यांची वाट बघू नका. दिवस भरायच्या आधीच तिला खाली शहाद्याला आणा. आमच्या घरी राहू दे. दवाखाना समोरच आहे.”

मयूरने तिच्याकडे वळून पाहिलं. तिने त्याला विचारलं नव्हतं.

“दोन खोल्या आहेत,” तो जमनाबाईला म्हणाला. “तुम्हीही या.”

जमनाबाईने सुनेला हाक मारली, पावरीत काहीतरी लांबलचक सांगितलं आणि टोपली बाजूला सारून बाजेजवळची जागा हाताने झाडली, त्या दोघांना बसायला.